अर्ध्या मिलिमीटरचा लांब पल्ला

०.५ मिलिमीटर, १०.४ मिलिमीटर, १०० मिलिमीटर आणि २५४ मिलिमीटर. रायफल नेमबाजीत चार वेगवेगळ्या अंतरांवर दहा गुण देणाऱ्या वर्तुळांचे हे व्यास. पहिला १० मीटरच्या एअर रायफलचा, दुसरा ५० मीटरच्या .२२ रायफलचा, तिसरा ३०० मीटरचा. चौथा हजार यार्डांचा, म्हणजे ९१४ मीटरवर पालथं पडून आणि रायफल टेकवून खेळतात त्या एफ-क्लास प्रकाराचा. पहिला ठिपका किती लहान? शाळेतली मुलं वापरतात त्या ०.५ च्या पेन-पेन्सिलीतल्या शिशाच्या टोकाएवढा.

या आकड्यांपाशी मी आलो तो भाच्यामुळे. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावात बहिणीचं घर आहे. भाचा अकरावीत. दिवाळीत गेलो तेव्हा त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशी माळावर एक माणूस हजार यार्डांवरची लोखंडी पाटी वाजवत होता. गोळी लागल्यावर दोन-तीन सेकंदांनी ‘टण्’ ऐकू यायचं. ‘मामा, अशी रायफल केवढ्याला येते? दुर्बिणीसकट?’ त्याचा आजवरचा अनुभव म्हणजे गावच्या यात्रेत फुगे फोडण्याचा. पण विचारलं होतं मनापासून, म्हणून उत्तरही मनापासून द्यायचं ठरवलं आणि वही घेतली.

सगळ्यात आधी ‘लांब’ या शब्दाचाच हिशेब. नेमबाजीत छर्रा किंवा गोळी वर्तुळाच्या कडेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे एअर रायफलचा ४.५ मिमीचा छर्रा ०.५ मिमीच्या ठिपक्याला शिवायला हवा असेल, तर त्याचं केंद्र ५ मिमी व्यासाच्या आत कुठंही चालेल. ५० मीटरवर ५.६ मिमीची गोळी धरली की ही मुभा १६ मिमी होते, ३०० मीटरवर १०८ मिमी, हजार यार्डांवर साधारण २६१ मिमी. आता ही चारही वर्तुळं जवळ ओढून १० मीटरवर टांगली असं समजा. पहिलं ५ मिमीचंच राहील. ५० मीटरचं ३.२ मिमीचं दिसेल, ३०० मीटरचं ३.६ चं, हजार यार्डांचं २.९ चं. अंतर ९१ पट वाढलं, पण नेमाची अडचण दुपटीलाही पोचली नाही. शिवाय १० मीटरवर नेमबाज दोन पायांवर उभा असतो, दुर्बीण चालत नाही आणि रायफल फक्त शरीराच्या आधारावर तोललेली असते. एफ-क्लासमध्ये माणूस पालथा पडलेला असतो, रायफल पुढं दुपाईवर किंवा टेकूवर असते, मागं वाळूची पिशवी असते आणि वर मोठी दुर्बीण.

भाच्याला यावर विश्वास बसेना, तेव्हा मी त्याला खोडदला नेलं. जीएमआरटीच्या ३० रेडिओ दुर्बिणींतली प्रत्येक बशी ४५ मीटर व्यासाची आहे. ऑलिंपिकमधलं रायफलचं सर्वांत लांब अंतर, ५० मीटर, म्हणजे त्या बशीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आणि वर पाच पावलं. तो पाहत राहिला. ‘एवढंच?’ म्हणाला. एवढंच. आणि या ‘एवढ्याच’ अंतरावर ऑलिंपिक पदक मिळवायला भारताला २०२४ साल उजाडावं लागलं.

अंतर वाढतं तसं खरोखर काय बदलतं, ते गोळीच्या प्रवासात दिसतं. एअर रायफलचा ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघतो आणि १० मीटर जाईपर्यंत सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतो. .२२ ची २.६ ग्रॅमची गोळी ५० मीटरला सुमारे साडेबारा सेंटिमीटर पडते. हजार यार्डांची ६.५ मिमी बोअरची गोळी सेकंदाला ८२० मीटरनं निघाली तरी दीड सेकंद हवेत असते आणि आठ-नऊ मीटर, म्हणजे तीन मजल्यांच्या इमारतीएवढी, खाली येते. आता तिन्ही ठिकाणी सुरुवातीचा वेग फक्त सव्वा टक्का कमी-जास्त झाला असं धरू. १० मीटरवर छर्रा ०.४ मिमी हलेल. हजार यार्डांवर गोळी वीस-पंचवीस सेंटिमीटर वरखाली जाईल आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या आहे १२.७ सेंटिमीटर. म्हणूनच तिकडचे नेमबाज काडतुसं घरी स्वतः भरतात, दारूचा कण न् कण तोलून. वाऱ्याचंही तसंच. सेकंदाला १ मीटर, म्हणजे वाळत घातलेली चादर जेमतेम हलेल असा आडवा वारा ५० मीटरवर .२२ ची गोळी सहा मिलिमीटर ढकलतो. तिथं मुभा आठ मिलिमीटरची, म्हणजे थोडक्यात निभावलं. तोच वारा हजार यार्डांवर गोळी ३५ ते ४० सेंटिमीटर ढकलतो. तिथं दहा तर गेलाच, नऊही गेला. १० मीटरचा खेळ बंद खोलीतला, तिथं वाराच नाही.

माझं म्हणणं या आकड्यांवर उभं आहे. अंतर वाढत जातं तसा खेळ नेमबाजाच्या अंगातून निघून सामानात आणि हवामानात जाऊन बसतो. हजार यार्डांवर गुण विकत घ्यावे लागतात: दुर्बीण, नळी, दारू, वारा मोजायचं यंत्र. १० मीटरवर पैशानं विकत घेता येण्यासारखं सर्वांत कमी असतं. ज्याच्याकडं पैसा बेताचा आणि वय सतरा आहे, त्यानं सुरुवात तिथूनच करावी.

पण ‘सुरुवात १० मीटरनं करा’ असं सांगून भागत नाही. दुकानात गेलं की तिथंही एक रायफल चाळीस हजारांची आणि दुसरी दोन-तीन लाखांची असते, आणि घरातलं कुणी ना कुणी म्हणतं, घ्यायचीच तर चांगली घेऊ. म्हणून दुसरा हिशेब.

एअर रायफलच्या टारगेटवर एकेक गुण २.५ मिमी अंतरानं बदलतो. एखाद्या नवख्याची सरासरी ८ असेल, तर त्याचा छर्रा केंद्रापासून सरासरी साडेसात मिलिमीटरवर पडतो. ६० छर्‍यांत ४८० गुण. आता रायफलीचा स्वतःचा विस्कळीतपणा मोजू. उत्तम रायफल आणि उत्तम छर्रा असतील तर तो एक मिलिमीटरच्या आत राहतो. जुनी, साधी रायफल दोन मिलिमीटरपर्यंत विस्कटते असं मानू. नेमबाजाची चूक आणि रायफलीची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून, मिळवून, वर्गमूळ काढायचं असतं. साडेसातच्या वर्गात एकाचा वर्ग मिळवला की ७.५७ येतात, दोनाचा मिळवला की ७.७६. फरक ०.१९ मिमीचा. ६० छर्‍यांत जेमतेम पाच गुण. म्हणजे लाखांनी पैसे घालून ४८० चे ४८५ झाले. एवढे गुण तर नवख्याचे रात्री नीट झोप झाली की वाढतात.

हेच गणित वरच्या दर्जाच्या नेमबाजासाठी पूर्ण उलटतं. त्याच्या हाताची चूकच १.१ मिमी. अर्ध्या मिलिमीटरची रायफल दिली तर एकूण १.२१ मिमी, एक मिलिमीटरची दिली तर १.४९. फरक ०.२८ मिमी, म्हणजे ६० छर्‍यांत साडेसहा-सात गुण. जागतिक स्पर्धांच्या पात्रता फेरीत ६३० च्या आसपास लोक दशांशानं आत-बाहेर होतात. तिथं सात गुण गेले तर नाव यादीच्या तळाला. महागडी रायफल तिच्या लायक हाताला पुरेपूर परतफेड करते, नवख्याला मात्र जवळपास काहीच देत नाही. भाच्याला हे पटायला वेळ लागला, पण वर्गमूळ त्यानं स्वतः कॅलक्युलेटरवर काढलं, तेव्हा गप्प झाला.

मग नवख्यानं पैसे कुठं घालावेत? माझ्या मते आधी अंगावर. एअर रायफलीचं वजन नियमानं ५.५ किलोपर्यंत चालतं. मुलांच्या हाती येते ती साधारण साडेचार किलोची. सरावाचे आणि सामन्याचे छर्रे मिळून एका सामन्यात ती ८० वेळा उचलून खांद्याला लावायची. ८० गुणिले ४.५, म्हणजे ३६० किलो. आमच्या भाषेत सात पिशव्या कांदा, तोही हलू न देता. हे वजन पाठीच्या कण्यावर सरळ उतरवण्याचं काम जॅकेट, विजार आणि बूट करतात. म्हणूनच त्यांवर नियम कडक आहेत. जॅकेटचं कापड एकेरी २.५ मिमीपेक्षा जाड चालत नाही, दुहेरी ५ मिमीपेक्षा. बुटाचा तळ पुढच्या भागात १० मिमीच्या आत, हातमोजा दोन्ही बाजू मिळून १२ मिमी. जॅकेट किती ताठ असावं, हेही मोजतात: १ किलोचं वजन ठेवून ते किमान ३ मिमी दबलं पाहिजे. तपासणीत नापास झालं तर सामनाच गेला. म्हणून दुसऱ्याचं जुनं जॅकेट स्वस्तात मिळतंय म्हणून डोळे झाकून घेऊ नये. मापाचं शिवलेलं हवं, आणि वाढत्या वयाच्या मुलाला ते दीड-दोन वर्षांत लहान होणार, हेही धरून चालावं.

क्रम असा लागतो. पहिले काही महिने क्लबची रायफल, स्वतःचा फक्त हातमोजा. तेवढ्यात मुलगा टिकतो की कंटाळतो, ते कळतंच. टिकला तर बूट, मग जॅकेट-विजार, आणि रायफल त्यानंतर. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं घडतं. रायफल शोकेसमध्ये दिसते, पाहुण्यांना दाखवता येते, फोटो काढता येतो. जॅकेट खुंटीवर टांगून ठेवावं लागतं.

रायफल घ्यायची वेळ आलीच तर तीन गोष्टी मोजून घ्याव्यात. पहिली, दस्ता किती मागे-पुढे होतो आणि गालाची पट्टी किती वर-खाली होते. सतराव्या वर्षी खांदा अजून रुंदावत असतो, म्हणून मोकळीक भरपूर हवी. दुसरी, हवेची टाकी. या रायफली २०० बारच्या दाबानं भरलेल्या टाकीवर चालतात आणि एका भरणीत साधारण २०० छर्रे उडतात. उत्पादक टाकीची मुदत १० वर्षं देतात आणि तारीख टाकीवरच कोरलेली असते. जुन्या बाजारात ‘जवळपास नवी’ रायफल घेताना लोक नळी तपासतात, दस्त्यावरचे ओरखडे मोजतात, पण टाकीवरची तारीख कुणी वाचत नाही. मुदत संपलेली टाकी सामन्यात चालत नाही, आणि चालली असती तरी २०० बारचं भांडं गालाशी घेऊन उभं राहण्यात शहाणपण नाही. तिसरी, टाकी भरायची कुठं. पुण्यात ती रेंजवर भरून मिळते. गावात हातपंप लागतो. २०० बारपर्यंत हातानं मारायचं म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा व्यायाम, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा टाकीत जाणार नाही याची काळजी वेगळी. सुरुवातीला ठाणे जिल्ह्यातल्या प्रीसिहोलसारख्या देशी बनावटीच्या रायफलीवर काम भागवणारे अनेक जण आहेत. वरच्या दर्जाला मात्र वाल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ या जर्मन नावांचीच सद्दी आहे.

छर्‍यांचा हिशेब रायफलीपेक्षा मोठा होत जातो. दर रुपयाप्रमाणे हलतात, म्हणून मी नग मोजतो. आठवड्यात चार दिवस, दर दिवशी ६०, वर्षाचे ५० आठवडे: १२,००० छर्रे. मॅच दर्जाचा डबा ५०० चा, म्हणजे २४ डबे. एका डब्याला आजच्या दुकानात जो भाव असेल त्यानं गुणावं आणि तो आकडा दर वर्षी धरावा. रायफल एकदाच घेतली जाते, हे डबे दर वर्षी संपतात. शिवाय आणखी एक आकडा: १२,००० गुणिले ०.५३ ग्रॅम म्हणजे ६.३६ किलो शिसं. हे शिसं टारगेटमागच्या पेटीत नीट जमलं पाहिजे, सराव झाला की हात साबणानं धुवायचे आणि छर्रा तोंडात धरायची सवय मुळातच लावायची नाही. आमच्याकडं दुभती जनावरं घरोघरी. गोठ्यालगत सराव करावा अशी कल्पना कुणाच्या डोक्यात असेल, तर गुरांना शिशाची बाधा लवकर होते, एवढं लक्षात ठेवावं. वैरणीत सांडलेले दोन-चार छर्रे गाईच्या पोटात गेले तर पाचशेच्या डब्यापेक्षा महाग पडतील.

आता ५० मीटर. इथं .२२ ची रायफल येते आणि छर्‍याच्या जागी काडतूस. आधी ऊर्जा बघू. एअर रायफलचा छर्रा नळीतून निघताना सुमारे साडेसात ज्यूल. .२२ ची गोळी १३५ च्या पुढं, म्हणजे अठरापट. हजार यार्डांची ६.५ मिमी तीन हजार ज्यूलच्या आसपास, म्हणजे चारशेपट. कायद्याची रेषाही इथंच आहे. ४.५ मिमीपर्यंत बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. .२२ ला लागतो, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे त्यासाठी वयाची साधारण अट २१ वर्षांची आहे आणि खेळाडूंसाठी नियमांत वेगळी वाट आहे. ३०० मीटरला लागणाऱ्या मोठ्या बोअरमध्ये सैन्याच्या वापरातल्या बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. आपल्याकडं ३०० मीटरचा खेळ मुख्यतः लष्कर आणि निमलष्करी दलांचे नेमबाज खेळतात, त्यामागचं एक कारण हेही.

एअर रायफलीला परवाना नाही म्हणजे ती वाटेल त्यावर रोखायला मोकळीक, असं नाही. जुन्नर वन विभागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण भाच्याच्या आजीनं पहिला प्रश्न हाच विचारला: ‘बिबट्या आला तर उपयोग होईल का रे?’ साडेसात ज्यूलचा छर्रा बिबट्याला थांबवू शकत नाही. आणि बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यासाठी वन खातं आणि माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र. रायफल टारगेटसाठी.

५० मीटरचा खरा खर्च काडतुसांत जातो. दिवसाला १००, आठवड्यात चार दिवस, ४८ आठवडे: १९,२०० काडतुसं. ५० चा एक डबा, म्हणजे ३८४ डबे. बाहेरदेशी चांगल्या मॅच काडतुसाच्या एका नगाच्या किमतीत पाच ते दहा छर्रे येतात. म्हणजे वर्षभराच्या काडतुसांचा खर्च छर्‍यांच्या आठ ते सोळा पट. यातली ईली, लापुआ, आरडब्ल्यूएस अशी जी स्पर्धेची नावं आहेत, ती सगळी आयात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आपल्या वाटेवर आहे, नारायणगावहून पुण्याला जाताना नाशिक फाट्यापासून फार दूर नाही. पण ऑलिंपिकच्या .२२ साठी लागणारी एकसारखी काडतुसं परदेशातूनच येतात. शिवाय एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. बडे नेमबाज आपली रायफल कारखान्याच्या चाचणी रेंजवर नेऊन पाच-सहा लॉट झाडून बघतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो, तोच हजारांनी उचलतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचण्यासारखी आहे. वडील शिक्षक, आई २०२४ मध्ये गावच्या सरपंच. २००९ मध्ये तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथं खेळ मिळाला, रायफल मिळाली, रेंज मिळाली. तरीही सरावाच्या गोळ्यांसाठी घरानं कर्ज काढलं. पुढं तो मध्य रेल्वेत नोकरीला लागला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्यांत ५९० गुण करून तो सातवा आला, आणि १ ऑगस्ट २०२४ च्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर कांस्य. अंतिम फेरीतला तिसरा नेमबाज ४४ गोळ्यांनंतर बाहेर पडतो. ४५१.४ भागिले ४४, म्हणजे गोळीमागे सुमारे १०.२६. ५० मीटरवर एक दशांश म्हणजे ०.८ मिमी. त्यानुसार त्याची गोळी केंद्रापासून सरासरी साडेपाच-सहा मिलिमीटरवर लागली: गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही मिळून. सोनं मिळवणाऱ्या चीनच्या लिऊ युकुनचे ४५ गोळ्यांत ४६३.६, सरासरी १०.३०. दोघांतलं अंतर गोळीमागे सरासरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ७२ वर्षांनी.

कोल्हापूरचंच दुसरं नाव तेजस्विनी सावंत. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, तिनं ६०० पैकी ५९७ करून जागतिक विजेतेपद मिळवलं. जागतिक विक्रमाची बरोबरी. नेमबाजीत जगज्जेती झालेली पहिली भारतीय स्त्री. पण महिलांचं ५० मीटर प्रोन ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हतं, आणि पुरुषांचंही रिओ २०१६ नंतर निघून गेलं. ३०० मीटर तर १९७२ नंतरच गेलं. हजार यार्डांपर्यंतचा फुलबोअर प्रकार राष्ट्रकुल स्पर्धांत असायचा, तिथून तो २०२२ मध्ये नेमबाजीच निघाल्यामुळे गेला. सामान घेताना कुणी हा आकडा मोजत नाही: ज्या प्रकारासाठी रायफल घेतोय, तो प्रकार पाच वर्षांनी शिल्लक असेल का? आज उरलेल्यांत १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर तीन पोझिशन, एवढ्या दोनच रायफलींना ऑलिंपिकमध्ये पक्की जागा आहे. त्यातल्या पहिल्या प्रकारात २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. भाच्याच्या वयाहून एकच वर्ष मोठा.

  

राहिलं अंतर, पण टारगेटचं नाही, रेंजचं. निमगाव सावा ते पुण्यातली बालेवाडीची रेंज नव्वदच्या आसपास किलोमीटर. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, मग नाशिक फाटा. जाऊन-येऊन १८०. आठवड्यातून एकदा धरलं तरी वर्षाला ९,३६०, तीनदा धरलं तर २८,०८०. अकरावीतल्या मुलाचा चाकणच्या कोंडीत गेलेला वेळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून हिशेबाचं शेवटचं उत्तर असं निघालं: आठवड्यातून एकदा बालेवाडी, क्लबची रायफल, प्रशिक्षकाची नजर. स्वतःची रायफल आली की उरलेले दिवस घरी, आणि त्यातले बरेच कोरे, छर्‍याशिवाय, फक्त उभं राहून नेम धरायचा, चाप दाबायचा आणि रायफल किती हलली ते बघायचं. या कोऱ्या सरावाला एकही छर्रा लागत नाही. घरच्या १० मीटरला लागतं काय? टारगेटचं केंद्र जमिनीपासून १.४ मीटरवर, त्यावर किमान १,५०० लक्स उजेड, म्हणजे दोन चांगले एलईडी दिवे, मागं छर्रे पकडणारी लोखंडी पेटी, तिच्यामागं पक्की भिंत, आणि मधे कुणाची ये-जा नसलेली सरळ जागा.

भाच्यानं कांदाचाळ सुचवली, पण ती जाळीची, आरपार. मग पडवी मोजायला घेतली. मी भिंतीशी फीत धरली, तो पाठीपाठीनं मागं सरकत गेला. उंबऱ्याशी पोचला तेव्हा फितीवर ९ मीटर ४० होते. साठ सेंटिमीटर कमी. दार उघडं ठेवून ओट्यावर उभं राहिलं तर बरोबर १० भरतात. त्यानं उभं राहून पाहिलंही, हातात रायफलीऐवजी कोळप्याचा दांडा. आतून आजी म्हणाली, ‘राहा उभा, पण दिवस मावळायच्या आत. अंधार पडला की ते दार मी लावते. मागं ऊस आहे.’